महिंद्रा थार फोर-बाय-फोर: तीन जागा, दोन डिफरन्शिअल आणि एक कुलूप

थार घेण्याचा विचार करणारे बहुतेक जण इंजिन कोणते, छत कापडी की पक्के, गिअर हाताने बदलायचे की स्वयंचलित, एवढ्याच प्रश्नांत गुंतून पडतात. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो त्याच्या पोटात नेमके काय बसवले आहे, हे विचारणारा ग्राहक विरळा. माझ्या मते या गाडीची खरी पारख त्या गोळ्यापाशीच होते. २ ऑक्टोबर २०२० रोजी विक्रीस आलेल्या आणि नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या दुसऱ्या पिढीच्या थारचे हे परीक्षण त्यामुळे आसने, समोरचा स्क्रीन किंवा रंग यांच्याविषयी नाही. मागच्या एक्सलवर (दोन चाकांना जोडणाऱ्या आसावर) यांत्रिक लॉकिंग डिफरन्शिअल असलेली, डिझेल इंजिनाची, हाताने गिअर बदलायची फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी, थार मी कोकणातल्या जांभ्याच्या लाल वाटांवर आणि ताम्हिणी, वरंध यांसारख्या घाटांतल्या डांबरी रस्त्यांवर भर पावसाळ्यात चालवली आहे. या दोन्ही ठिकाणी ही गाडी इतकी वेगळी का वागते, याचे उत्तर तिच्या डिफरन्शिअलांच्या मांडणीत आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय एवढे पैसे मोजू नयेत, असे मला मनापासून वाटते.

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा लांबची वाट कापावी लागते. दोन चाकांमधले अंतर दीड मीटर धरले, तर एक पूर्ण गोल घेताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे ९.४ मीटर जास्त धावते आणि वर्तुळ लहान असो वा मोठे, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाके एकाच सळईला पक्की जोडली, तर हा फरक टायर घासून किंवा घसरूनच भरून काढावा लागेल. यावरचा तोडगा, म्हणजेच डिफरन्शिअल, ओनेसिफोर पेकर या फ्रेंच यंत्रकाराने १८२८ साली वाफेच्या गाडीसाठी पेटंट घेऊन नोंदवला आणि आजही मूळ रचना तीच आहे. इंजिनाकडून आलेला शाफ्ट (फिरती सळई) पिनियन हे लहान दातेरी चाक फिरवतो, पिनियन मोठ्या क्राऊन चाकाला फिरवते, क्राऊनला जोडलेल्या पिंजऱ्यात लहान दात्यांची चाके बसवलेली असतात आणि त्या लहान चाकांच्या दोन्ही अंगांना डाव्या-उजव्या एक्सलची चाके अडकलेली असतात. सरळ रस्त्यावर ही लहान चाके स्वतःभोवती फिरत नाहीत, सगळा पिंजरा एकसंध फिरतो. वळणावर मात्र ती स्वतःभोवती फिरू लागतात आणि एका बाजूचा वेग जेवढा कमी होतो तेवढाच दुसऱ्या बाजूचा वाढतो.

चारही चाकांना ताकद द्यायची म्हटली की अशा तडजोडीची गरज तीन ठिकाणी भासते: पुढच्या दोन चाकांमध्ये, मागच्या दोन चाकांमध्ये आणि पुढचा व मागचा एक्सल यांच्यामध्ये. तिसरी जागा अनेकांच्या लक्षातच येत नाही. थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलमधले अंतर, २,४५० मिलिमीटर आहे. मागच्या एक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या गोलावर फिरत असेल, तर पुढच्या एक्सलचा मध्य साधारण ५.५७ मीटर त्रिज्येवर फिरतो, म्हणजे एका फेरीत पुढचा एक्सल मागच्यापेक्षा साडेतीन मीटरहून थोडा जास्तच चालतो. हा फरक सामावून घ्यायला जिथे काहीच नसते, तिथे तो गिअरांवर, जॉईंटवर आणि टायरांवर ताण होऊन साठत जातो.

थारमध्ये या तीनपैकी दोनच जागी डिफरन्शिअल आहे. पुढचे साधे आहे, मागचे स्वतःहून लॉक होणारे आहे आणि मध्ये काहीही नाही. मधल्या ट्रान्सफर केसचा, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीचा, दांडा फोर-हायला (चारही चाके, नेहमीचा वेग) टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के जखडले जातात. ही जुन्या जीपची परंपरा आहे आणि चिखलासाठी ती उत्तम आहे. तिचे गुण आणि मर्यादा दोन्ही याच एका गोष्टीतून निघतात.

आधी मागच्या डिफरन्शिअलविषयी सविस्तर सांगतो, कारण गाडीतली सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे. साध्या डिफरन्शिअलबद्दल एक समज घट्ट रुजला आहे की ते घसरणाऱ्या चाकाला जास्त टॉर्क (फिरवणारा जोर) देते. खरे पाहता साधे डिफरन्शिअल दोन्ही चाकांना नेहमी जवळपास सारखाच टॉर्क देते आणि अडचण नेमकी त्या सारखेपणातच आहे. एक चाक हवेत लोंबकळत असेल तर त्याला फिरवायला नाममात्र जोर पुरतो, मग दुसऱ्या, भक्कम खडकावर टेकलेल्या चाकालाही तेवढाच नाममात्र जोर मिळतो. लोंबकळणारे चाक पिंजऱ्याच्या दुप्पट वेगाने भिरभिरते, टेकलेले चाक जागचे हलत नाही आणि गाडी अडकते. चारही चाकांना ताकद जात असूनही हे घडू शकते. पुढे एक आणि मागे तिरक्या कोपऱ्यातले एक अशी दोन चाके उचलली गेली आणि दोन्ही डिफरन्शिअल साधी असली, तर फोर-बाय-फोरचा बिल्ला मागे चिकटवलेला असूनही गाडी एक इंचही पुढे सरकणार नाही.

थारच्या मागच्या एक्सलवर ईटन कंपनीचे जे यांत्रिक लॉकिंग डिफरन्शिअल येते, ते या अडचणीला यांत्रिक उत्तर देते आणि त्याला बटण, वायर किंवा संगणक काहीच लागत नाही. पिंजऱ्याच्या आत एक लहान गव्हर्नर, म्हणजे वेगाने फिरल्यावर वजने बाहेर फेकणारी यंत्रणा, बसवलेला असतो. डाव्या आणि उजव्या चाकाच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की त्याची वजने बाहेर फेकली जातात आणि एका खिटीत अडकतात. त्यामुळे एक तिरक्या उतारांची चकती थांबते, ती सरकून क्लचच्या चकत्यांवर दाब आणते आणि एका बाजूचे एक्सल-चाक पिंजऱ्याला जखडले जाते. आता डावे-उजवे असा भेद उरत नाही, जमिनीवर टेकलेल्या चाकाला त्याच्या पकडीप्रमाणे हवा तेवढा जोर मिळतो. वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास गेला की ती खिटीच बाजूला होते, म्हणून हमरस्त्यावर भरधाव जाताना अचानक लॉक होण्याची भीती राहत नाही.

हे प्रत्यक्ष कसे घडते ते पाहण्यासारखे असते. पहिल्या मोठ्या पावसाने मधोमध घळ कापलेल्या, वाडीकडे चढणाऱ्या कच्च्या वाटेवर थारचे मागचे डावे चाक घळीच्या काठावरून सुटते आणि लोंबकळू लागते. बाहेर उभे राहून पाहिले तर ते चाक आधी सावकाश फिरते, मग वेग घेते, खाचांतला लाल चिखल मागे फवारल्यासारखा उडतो आणि उजवे चाक मात्र जांभ्याच्या कातळावर स्तब्ध असते. मग गाडीच्या पोटातून जाड, बोथट असा "खट्" आवाज येतो. त्या क्षणी दोन्ही चाके एकत्र फिरू लागतात, उजवे चाक कातळाला धरते आणि गाडी माणसाच्या चालीने वर चढते. आत बसलेल्याला पाठीला किंचित धक्का जाणवतो, बाकी काही नाही. मीटरवर त्यासाठी दिवा लागत नाही आणि चालकाने काही दाबायचेही नसते.

या यंत्रणेची एक मेख मात्र चालकाने समजून घ्यायला हवी. थारच्या २५५/६५ आर १८ टायरचा घेर साधारण अडीच मीटर आहे. त्या हिशेबाने मिनिटाला १०० फेऱ्यांचा फरक म्हणजे दोन चाकांच्या वेगात ताशी जवळपास १५ किलोमीटरचा फरक. फोर-लोच्या (चारही चाके, संथ वेग आणि जास्त जोर) पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडून गाडी नुसती रांगत ठेवली, तर सुटलेले चाकही एवढा वेग घेत नाही आणि लॉक लागतच नाही. पाय मागे घेऊन हळूहळू जाण्याची सवय असलेल्या सावध चालकांना म्हणूनच ही यंत्रणा काम करत नाही असे वाटू शकते. चाक घसरू लागल्यावर अॅक्सिलरेटर थोडा आणि स्थिरपणे वाढवायचा, "खट्" ऐकू आले की तो तिथेच धरून ठेवायचा, ही तिची रीत आहे. उलट आडव्या उताराच्या निसरड्या वाटेवर तोच थोडा जास्त दाब महागात पडतो, कारण दोन्ही मागची चाके एकदम जखडली की दोन्ही एकदम घसरतात आणि गाडीची शेपूट उताराकडे सरकते. अशा जागी मी लॉकची वाट न पाहता आधी वाट बदलतो किंवा खाली उतरून दगड लावतो.

याच गाडीच्या काही प्रकारांत यांत्रिक लॉकऐवजी ब्रेकवर चालणारी यंत्रणा येते, तिला ब्रेक लॉकिंग डिफरन्शिअल असे म्हटले जाते. नावात लॉकिंग असले तरी तिथे डिफरन्शिअल साधेच असते. चाकांच्या वेगाचे सेन्सर कोणते चाक भिरभिरते आहे ते ओळखतात आणि संगणक फक्त त्या चाकाला ब्रेक लावतो. साधे डिफरन्शिअल दोन्हीकडे सारखाच टॉर्क देत असल्यामुळे ब्रेकशी झगडण्यासाठी जेवढा जोर लागतो तेवढाच दुसऱ्या चाकालाही मिळतो. युक्ती हुशारीची आहे, हलक्या खड्ड्यांना पुरते आणि तिच्यामुळे गाडी स्वस्तही पडते. मात्र जेवढा जोर गाडी ढकलायला मिळतो तेवढाच ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जातो आणि लांब चढणीवर ब्रेक तापले की यंत्रणेला आवरते घ्यावे लागते. मारुती सुझुकीची जिम्नी पुढे-मागे दोन्हीकडे याच तत्त्वावर अवलंबून असते आणि तिथे ती शोभते, कारण जिम्नीचे वजन जवळपास १,२०० किलोच आहे. थारसारख्या जड गाडीत मी यांत्रिक लॉकच निवडेन. कोणत्या वर्षाच्या कोणत्या प्रकारात काय येते हे बदलत गेले आहे, त्यामुळे गाडी ठरवण्याआधी त्या विशिष्ट प्रकाराचे तपशीलपत्रक स्वतः वाचावे.

जुनी थार घेताना तर ही काळजी दुप्पट घ्यावी. अनेक कंपन्यांच्या वापरलेल्या गाड्या विकणाऱ्या एका दालनात मला "फोर-बाय-फोर आहे, म्हणजे लॉक असणारच" असे ठामपणे सांगण्यात आले होते. तसे काही नसते. मागची दोन्ही चाके जॅकवर उचलून एक चाक हाताने फिरवण्याची पद्धतही इथे उपयोगी नाही, कारण संथपणे फिरवले तर यांत्रिक लॉकवाले डिफरन्शिअलही साध्यासारखेच वागते आणि दुसरे चाक उलट्या दिशेने फिरते. गाडीचा नेमका प्रकार आणि निर्मितीचे वर्ष कागदावरून पडताळणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

आता मधल्या, रिकाम्या जागेकडे वळतो. ताम्हिणीत धुवाधार पाऊस लागला की अनेक थारचालक फोर-हाय टाकतात आणि सुरक्षित झाल्याच्या समाधानात गाडी हाकतात. वाहत्या पाण्याने आणि शेवाळाने निसरड्या झालेल्या सरळ चढावर त्याचा उपयोग होतो. पण जिथे डांबर पकड देते, तिथल्या तीव्र वळणावर तीच गाडी अवघडते: स्टिअरिंग जड होते, गाडी वळणाच्या बाहेर जाऊ पाहते, खालून दाबल्यासारखा आवाज येतो आणि सरळ झाल्यावरही कधीकधी दांडा टू-हायला (फक्त मागची दोन चाके) परत जायला कुरकुर करतो, कारण शाफ्टांमध्ये ताण साठलेला असतो. थोडे सरळ जाऊन किंवा दोन हात मागे घेऊन तो सोडवावा लागतो. कोरड्या डांबरावर, आणि विशेषतः पार्किंगमध्ये गाडी वळवताना, फोर-हाय टाकूच नये. हा गाडीतला दोष नाही, या मांडणीचा तो स्वभाव आहे. परंतु घाटरस्त्यावरची पकड हाच ज्याचा मुख्य हेतू आहे, त्याने थार घेऊ नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन. भर पावसात घाट उतरताना ही गाडी बहुतांश वेळ मागच्या दोन चाकांवरच चालते.

तशा गरजेसाठी मधल्या जागी काहीतरी असलेली गाडी हवी. १९७० सालच्या पहिल्या रेंज रोव्हरमध्ये आणि १९७७ सालच्या लाडा निव्हामध्ये मधोमध डिफरन्शिअल होते आणि गरज पडली की ते लॉक करता येत असे. चारही चाके कायम चालती ठेवूनही कोरड्या रस्त्यावर वळता येण्याचे कारण तेच. ऑडीने १९८० साली क्वाट्रो आणली तेव्हा तीत मधले आणि मागचे डिफरन्शिअल चालकाला हाताने लॉक करावे लागे. १९८७ पासून तिथे मधल्या जागी टॉर्सन आले. त्यात वर्मगिअरसारखे दाते घर्षणाने आपोआप आवळतात आणि ज्या एक्सलला पकड आहे त्याला दुसऱ्याच्या काही पट जास्त टॉर्क पोहोचतो, तेही घसरण सुरू होण्याची वाट न पाहता. निसरड्या वळणावर त्याच्याइतकी सहज यंत्रणा क्वचितच असेल. तरी "काही पट" या शब्दांतच तिची सीमा आहे, कारण एका बाजूला शून्य पकड असेल तर शून्याची कितीही पट शून्यच, म्हणून हवेत चाक उचलले गेल्यावर टॉर्सनला ब्रेकची मदत लागते.

आपल्याकडे २०१४ साली आलेल्या रेनो डस्टरच्या ऑल-व्हील-ड्राइव्ह आवृत्तीत आणि २०२२ पासूनच्या ग्रँड व्हिटाराच्या ऑलग्रिप आवृत्तीत मधले डिफरन्शिअल नाहीच. पुढची चाके नेहमी चालतात आणि मागच्या एक्सलच्या तोंडाशी विजेवर चालणारा अनेक चकत्यांचा क्लच असतो. पुढची चाके घसरू लागली किंवा घसरतील असे संगणकाला वाटले की तो चकत्या दाबतो आणि मागे ताकद पाठवतो. वळणावर तो चकत्यांना किंचित सरकू देतो, त्यामुळे गाडी अवघडत नाही. घाट, ओला डांबर, गावाकडचा खडीचा रस्ता यांसाठी ही रचना थारपेक्षा निःसंशय सोयीची आहे. लॉक मोड दिला तरी जखडला जातो तो फक्त पुढचा-मागचा भेद, डावी-उजवी चाके साध्या डिफरन्शिअलवरच राहतात, हे मात्र विसरू नये. घळीत लोंबकळणारे चाक तिथे ब्रेकच्याच भरवशावर असते.

थारच्या दुसऱ्या टोकाला फोर्सची गुरखा आहे, जिच्यात पुढचे आणि मागचे दोन्ही डिफरन्शिअल चालकाला हवे तेव्हा लॉक करता येतात. अत्यंत उखडलेल्या वाटेवर तिची बरोबरी थार करू शकत नाही, कारण थारचे पुढचे डिफरन्शिअल साधेच आहे. पण पुढचा लॉक लावला की स्टिअरिंग जवळपास बधिर होते आणि तो लगेच काढायचे भान राखावे लागते, म्हणून नवख्याला थारची स्वयंचलित पद्धत जास्त क्षमाशील वाटेल. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या थार रॉक्सच्या फोर-बाय-फोर आवृत्तीत मागचा लॉक इलेक्ट्रॉनिक, बटणावर लागणारा आहे. आडव्या उतारावर चाक घसरायच्या आधीच तो लावता येतो, आणि मला विचाराल तर तीन दरवाजांच्या थारलाही हाच लॉक मिळायला हवा. अरुंद वळणावर आतले मागचे चाक ब्रेकने धरून गाडी जागेवर वळवण्याची सोयही रॉक्समध्ये दिली आहे.

मातीचा पोत सगळी गणिते बदलतो, हे महाराष्ट्रात गाडी चालवणाऱ्याला सांगणे अगत्याचे आहे. जांभ्याच्या लाल चिखलाखाली बहुधा टणक थर असतो, त्यामुळे एका तरी चाकाला पकड मिळते आणि मागचा लॉक आपले काम चोख बजावतो. मराठवाड्यातल्या किंवा सोलापूरकडच्या काळ्या मातीत पाऊस झाल्यावर मात्र टायरच्या खाचा एका फेरीतच भरून जातात आणि चारही चाके गुळगुळीत होतात. डिफरन्शिअल पकड वाटून देऊ शकते, ती निर्माण करू शकत नाही. तिथे २२६ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, ३०० न्यूटन-मीटरचा टॉर्क आणि मागचा लॉक, कशाचाही फारसा उपयोग होत नाही. मोठ्या खाचांचे टायर लावणे किंवा वाफसा येईपर्यंत थांबणे, एवढेच हातात राहते.

देखभालीत दोन गोष्टींकडे कानाडोळा होतो. पहिली टायरांची. मध्ये डिफरन्शिअल नसलेल्या गाडीत पुढे झिजलेले आणि मागे नवे टायर ठेवले, तर घेरातल्या फरकामुळे फोर-हायमध्ये सरळ रस्त्यावरही शाफ्टांत ताण साठत राहतो. म्हणून चारही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे असावेत आणि ते वेळोवेळी आलटून-पालटून लावावेत. दुसरी गोष्ट तेलाची. कंपनी ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून गाडी जाऊ शकते असे सांगते, पण तापलेला गोळा थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि हवा ये-जा करण्याची श्वासनळी तुंबलेली असेल तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. ओढा ओलांडून आल्यावर पुढच्या सर्व्हिसची वाट न पाहता मागच्या डिफरन्शिअलची बूच थोडी सैल करून तेलाचे चार थेंब बोटावर घ्यावेत. ते पारदर्शक आणि मधाच्या रंगाचे असतील तर ठीक, दुधाळ दिसले तर सगळे तेल त्याच आठवड्यात बदलून घ्यावे, आणि भरताना गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेल्या प्रतीचेच भरावे, कारण लॉकच्या क्लच-चकत्या त्याच तेलात बुडून काम करतात.